"बाई, कुणाला सांगू नका"



"बाई, कुणाला सांगू नका हं." हे वाक्य कधीच कानावर आलं नाही असा शिक्षक मला तरी अजून भेटलेला नाही. मधल्या सुट्टीत पोरगी टेबलाजवळ घुटमळते. आधी वहीचं काहीतरी विचारते, मग हळूच म्हणते, "काल बाबांनी आईला मारलं." आणि लगेच पुढचं वाक्य येतं, "कुणाला सांगू नका."

आज याच वाक्याबद्दल बोलायचं आहे. घरातली मारहाण हा पोलिसांचा, कोर्टाचा, फार तर बचत गटाचा विषय, शाळेचा त्याच्याशी काय संबंध, असं आपल्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं. मला वाटतं, शाळेचा संबंध सगळ्यात आधी येतो. कारण घरात काय घडलं ते सकाळी दप्तरासोबत वर्गात आलेलं असतं. ते ओळखणारा, निमूटपणे ऐकून घेणारा आणि पुढची वाट दाखवणारा एक माणूस शाळेत असला, तरी पुष्कळ काही बदलू शकतं.

आकडे काय सांगतात?

२०१९ ते २०२१ या काळात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी झाली. त्यात महाराष्ट्रातल्या १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या बायकांपैकी साधारण चौघींमध्ये एकीने नवऱ्याकडून मारहाण किंवा लैंगिक जबरदस्ती सोसल्याचं सांगितलं. चौघींमध्ये एक. आता तुमच्या वर्गाचा पट डोळ्यांसमोर आणा. चाळीस मुलं असतील, तर हिशोब तुम्हीच करा.

मला त्याहून जास्त बोचतो तो दुसरा आकडा. देशभरात ज्या बायकांनी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली, त्यांच्यापैकी मदत मागायला गेलेल्या शंभरात फक्त १४. उरलेल्यांपैकी बहुतेकींनी मदत तर सोडाच, कुणाजवळ चकार शब्दही काढला नाही. आणि तिसरा आकडा: शंभरातल्या सुमारे ४५ बायकांना नवऱ्याने बायकोला मारणं कुठल्या ना कुठल्या कारणासाठी योग्य वाटतं. सासू-सासऱ्यांचा मान ठेवला नाही, घराकडे, मुलांकडे दुर्लक्ष केलं, अशी ती कारणं. पुरुषांचा आकडाही जवळपास तेवढाच आहे.

म्हणजे मार आहे, गप्प बसणं आहे, आणि "चुकलं म्हणून मारलं" ही समजूतही आहे. ही समजूत बाई काही जन्मतःच घेऊन येत नाही. ती लहानपणी शिकते. कुठे? घरात. आणि शाळेने वेगळं काही शिकवलं नाही, तर शाळेतसुद्धा.

महाराष्ट्रातल्या बायकांनी काय केलं?

जून १९८२ मध्ये पुण्यात मंजुश्री सारडा या नवविवाहितेचा संशयास्पद मृत्यू झाला. घर सुशिक्षित, खाऊनपिऊन सुखी. मृत्यूपूर्वी तिने आपल्या बहिणीला आणि मैत्रिणीला पत्रं लिहिली होती आणि त्यात मनातला त्रास मांडला होता. पुढे खटला चालला. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुरावा पुरेसा नसल्याने तिच्या पतीला निर्दोष सोडलं. कोर्टाचा निकाल त्याच्या जागी. पण ती पत्रं वाचून महाराष्ट्रातल्या अनेक बायकांना एक प्रश्न पडला: ही मुलगी बोलत होती, लिहीत होती, मग तिला जायला जागा का नव्हती?

विद्या बाळ आणि त्यांच्या नारी समता मंचाच्या मैत्रिणींनी "मी एक मंजुश्री" नावाचं प्रदर्शन तयार केलं आणि ते गावोगाव नेलं. प्रदर्शन बघायला आलेल्या बायका तिथेच थांबून स्वतःचं सांगू लागल्या. कोणाला भाषण नको होतं, सल्लाही नको होता. ऐकणारं माणूस हवं होतं. त्यातूनच "बोलते व्हा" हे केंद्र सुरू झालं. नावातच सगळं आलं. पुढे याच मंडळींनी पुरुषांसाठीही संवाद केंद्र काढलं, कारण मारणारा हात बदलल्याशिवाय हे थांबणार नाही, हे त्यांना कळलं होतं.

१९८४ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलिसांच्या सोबतीने महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलीस ठाण्याची पायरी चढायला बाई घाबरते, म्हणून प्रशिक्षित समाजसेविकाच पोलिसांच्या आवारात जाऊन बसली. हा प्रयोग पुढे राज्य शासनाने जिल्ह्याजिल्ह्यांत नेला.

२००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात "दिलासा" केंद्र उभं राहिलं. मुंबई महापालिका आणि सेहत ही संस्था यांनी मिळून ते सुरू केलं. त्यांचा विचार अगदी साधा होता. मार खाल्लेली बाई पोलिसांकडे जाणार नाही, कोर्टात जाणार नाही, पण डोकं फुटलं तर टाके घालायला दवाखान्यात येणारच. मग डॉक्टरने आणि नर्सने तिथेच तिला नीट विचारायला नको का? "पायरीवरून पडले" म्हणणाऱ्या बाईच्या पाठीवर वळ कसे आले, हे ओळखायला तिथल्या कर्मचाऱ्यांना शिकवलं. त्यातूनच समुपदेशन करणारी माणसं तयार झाली.

या तिन्ही कामांत मला एक धागा दिसतो. बाई मदत मागायला येईल याची वाट त्यांनी पाहिली नाही. बाई ज्या ठिकाणी एरवी सहज येते, तिथे जाऊन त्या बसल्या. प्रदर्शनात, ठाण्याच्या आवारात, दवाखान्यात. आता सांगा, आपल्या हरसूल भागात बाई सहज कुठे येते?

आपल्या हरसूलचं काय?

हरसूल म्हणजे त्र्यंबकेश्वर तालुक्याचं, गुजरातच्या हद्दीजवळचं आपलं बाजाराचं गाव. आजूबाजूला कोकणा, वारली, महादेव कोळी समाजाचे पाडे. पावसाळ्यात भात-नागलीची लावणी, आणि दिवाळी झाली की कितीतरी कुटुंबं दिंडोरी-निफाडकडे द्राक्षांच्या बागांवर आणि नाशिककडे बांधकामावर जातात. कोणी मुलांना सोबत नेतं, कोणी आजीजवळ ठेवतं, कोणी आश्रमशाळेत.

अशा जागी मार खाणाऱ्या बाईची अडचण शहरातल्या बाईसारखी नसते. तिला नाशिक गाठायचं तर दिवस मोडतो, मजुरी बुडते, गाडीभाडं जातं. कामाच्या जागी ती परक्या गावात असते, तिथे नवऱ्याशिवाय तिचं ओळखीचं कोणी नसतं. पाड्यावर परतली, तर सगळे एकमेकांचे नातेवाईक. पंच बसतात, नवरा चूक कबूल करतो, प्रकरण मिटतं. पंचांनी भांडण मिटवणं वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण महिन्याभराने तिला पुन्हा मार बसला की नाही, हे बघायला पंच परत जातात का? विशेष कक्षात काम करणाऱ्या बायकांची रीत इथे घेण्यासारखी आहे: समझोता करायचा असेल तर करा, पण मारहाण थांबणं ही पहिली अट, आणि त्यानंतरही विचारपूस चालू.

"आमच्या आदिवासींत हुंडा नाही, उलट देज देतात, बाईला मान आहे," असं काहीजण सांगतात. त्यात तथ्य आहे. इथली बाई शेतात, बाजारात, कामावर बरोबरीने राबते, आणि तिच्या कष्टाला किंमत आहे. पण देज दिलं म्हणून मारायचा हक्क विकत घेतला असं जर कोणी समजत असेल, तर तो मान नव्हे.

दारूचंही असंच. "दारू प्याला म्हणून मारलं" हे आपण कारण म्हणून ऐकतो आणि मान डोलावतो. दारूने मारहाण वाढते, हे खरंच. पण तोच माणूस दारू पिऊन मुकादमाला मारत नाही, सावकाराला मारत नाही, बायकोलाच मारतो. म्हणजे कुणाला मारलं तर चालतं, याचं भान प्यायल्यावरही शाबूत असतं. आणि मारहाण काही दारूच्याच घरात नसते, पाड्यावरच नसते. आपल्या शिक्षकांच्या घरांतही असते. बाई महिन्याचा पगार मिळवते आणि एटीएमचं कार्ड मात्र नवऱ्याच्या खिशात, माहेरी फोन करायचा तर स्पीकरवर. हे तुमच्या-माझ्या ओळखीचं नाही का? २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात टोमणे, धमक्या, पैसे अडवणं या सगळ्याला हिंसाच म्हटलं आहे.

मनाचं दुखणं

मार थांबला तरी त्याचा परिणाम थांबत नाही. झोप उडते. भूक जाते. दार वाजलं तरी छातीत धडधडतं. काहीच करावंसं वाटत नाही, किंवा छोट्याशा गोष्टीवरून मुलांवर हात उचलला जातो. मग लोक म्हणतात, "तिचं डोकं फिरलंय", "अंगात आलंय", "बाहेरची बाधा आहे". भगताकडे नेतात. भगताजवळ बसून तिला थोडं बरं वाटतही असेल, निदान तिथे तिच्याकडे कोणीतरी लक्ष देतं. पण ज्या घरात मार आहे त्याच घरात तिला परत पाठवलं, तर अंगारा किती दिवस पुरणार?

उलट बाजूही बघा. काहीजण म्हणतात, "समुपदेशन करा, योगा करा, मन शांत ठेवा." मन शांत ठेवायचा सल्ला मार खाणाऱ्या बाईला द्यायचा आणि मारणाऱ्याला काहीच नाही, हेही बरोबर नाही. म्हणूनच मारहाण थांबवणं आणि मन सावरणं ही दोन कामं वेगळी काढता येत नाहीत. पुण्यात १९८६ मध्ये सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात हे फार आधी ओळखलं गेलं. डॉ. अनिता अवचट यांनी उभ्या केलेल्या या केंद्रात पिणाऱ्याच्या उपचारासोबत त्याच्या बायकोसाठीही "सहचरी" हा गट चालतो. तीही दुखावलेली आहे, तिलाही बोलायची जागा हवी, हा त्यामागचा विचार.

आणि कधी कधी बाई जीव द्यायला निघते. असं झालं की गावात दोनच गोष्टी होतात, लपवालपवी आणि दोषारोप. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा व्यक्तीला तीव्र ताणाखाली असलेली व्यक्ती मानलं आहे. तिला शिक्षा नव्हे, तर उपचार आणि काळजी देणं ही शासनाची जबाबदारी आहे. हे आपल्या पालकांना माहीत असायला हवं.

पण हे आपलं काम आहे का?

शिक्षक मित्र विचारतात, "ऑनलाइन माहिती, सर्वेक्षण, पोषण आहार, आधीच कामं कमी आहेत का?" प्रश्न रास्त आहे. मी कोणाला समाजसेवक व्हायला सांगत नाही. पण ज्या मुलाला रात्रभर झोप नाही, त्याला सकाळी पाढे पाठ होणार नाहीत. "लक्ष देत नाही" असा शेरा आपण मारतो, तेव्हा त्याचं लक्ष कुठे असतं? आई घरी ठीक असेल ना, याच्याकडे. तेव्हा हे काम टाळलं तरी त्याचा भार आपल्यावर पडतोच, फक्त प्रगतिपुस्तकात वेगळ्या नावाने.

दुसरी भीती असते, "गावात राहायचंय, उगीच वैर कशाला?" ही भीतीही खरी आहे, विशेषतः एकट्या राहणाऱ्या शिक्षिकेसाठी. म्हणून एकट्याने पुढे होऊ नका. मुख्याध्यापक, अंगणवाडी ताई, आशा ताई, बचत गटाच्या बायका असे चार जण मिळून ठरवा. कायदाही पाठीशी आहे. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे हिंसा होत असल्याची किंवा होण्याची शक्यता वाटली, तर कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देऊ शकतं, आणि चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्यावर कारवाई होत नाही.

तिसरं म्हणजे, "संसार मोडेल." हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला, आणि त्यात बाईला त्याच घरात सुरक्षित राहण्याचा हक्क आहे. मारहाण करू नये असा आदेश, राहण्याची सोय, खर्चाची रक्कम, मुलांचा ताबा हे सगळं त्यात मागता येतं. संसार मोडतो तो मारहाणीने. तक्रारीने नव्हे.

शाळेत काय करता येईल?

*मूल सांगायला आलं तर.* हातातलं काम बाजूला ठेवा आणि ऐका. "खरंच का?" असं विचारू नका, "बाबा असे का वागले?" असंही नको. एवढंच म्हणा: "तू सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझी काही चूक नाही." आणि "कुणाला सांगू नका" म्हटल्यावर खोटं वचन देऊ नका. म्हणा, "गावात कुणाला सांगणार नाही, वर्गात बोलणार नाही. पण तुला आणि आईला मदत करू शकेल अशा माणसाला सांगावं लागलं, तर आधी तुला सांगेन." मुलाला हे कळतं. मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचं कळलं, तर मात्र २०१२ च्या पोक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे, तिथे विचार करत बसायचं नाही.

*आई भेटली तर.* तिला ऑफिसमध्ये सगळ्यांसमोर विचारू नका, आणि नवऱ्याला शाळेत बोलावून जाब तर मुळीच विचारू नका. त्याचा राग रात्री तिच्यावरच निघतो. "मुलीच्या अभ्यासाबद्दल बोलायचंय" म्हणून तिला एकटीला बोलवा. "घरी सगळं ठीक आहे ना? मुलगी जरा गप्प असते" एवढं म्हटलं तरी पुरे. ती आज बोलणार नाही. महिन्याने बोलेल. काय करायचं ते तिने ठरवायचं, आपण नाही. तिच्या जिवालाच धोका असेल तर मात्र थांबायचं नाही.

*क्रमांक भिंतीवर लावा.* तातडीच्या मदतीसाठी ११२, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६, मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१००. बाईचं उत्पन्न कितीही असो, कायदेशीर मदत तिला मोफत मिळते. हे क्रमांक ऑफिसात नको, पाण्याच्या टाकीजवळ लावा, म्हणजे येता-जाता सगळे वाचतील. मुलांच्या वहीच्या शेवटच्या पानावरही लिहून घ्या. वही घरी जाते. हरसूलला ग्रामीण रुग्णालय आहे, पोलीस ठाणं आहे. तिथे कोणाला भेटायचं हे शाळेने आधीच विचारून ठेवलेलं असावं. वेळ आल्यावर शोधाशोध नको.

*मराठीच्या तासाला.* भाषा शिकवणाऱ्यांच्या हातात सगळ्यात मोठं साधन आहे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आई आणि वडील दोघं मिळून भाजी निवडतायत असं चित्र आलं. ते चित्र आपण पान उलटून पुढे जातो, की त्यावर थांबून बोलतो? मुलगा रडला की "मुलीसारखा काय रडतोस" हे आपण अजून म्हणतो का? निबंधाला "माझी प्रेमळ आई"च्या जोडीला "मला राग येतो तेव्हा" हा विषय देऊन बघा. राग, भीती, लाज, एकटेपणा हे शब्द मुलांना शब्दार्थ म्हणून पाठ असतात, पण स्वतःसाठी वापरता येत नाहीत. मुलगे तर एकच शब्द शिकतात, राग. बाकी सगळ्या भावना त्या एकाच शब्दातून बाहेर पडतात, आणि मोठेपणी हातातून.

पालकांशी दोन शब्द

बाबांनो, तुमचं मूल झोपलंय असं समजून तुम्ही भांडता, पण ते जागं असतं. हात उचलायच्या आधी घराबाहेर निघून जा, चार पावलं चाला. त्यात कमीपणा नाही. आणि आयांनो, "मुलांसाठी सहन करते" असं तुम्ही म्हणता. तुमचं प्रेम कळतं. पण मुलं त्यातून काय शिकतायत? मुलगी सोसायला, मुलगा मारायला. मुलांसाठी काही करायचंच असेल, तर एकदा कुणाजवळ तरी बोला.

दरवर्षी ३ जानेवारीला आपण शाळेत सावित्रीबाईंच्या फोटोला हार घालतो, मुली नऊवारी नेसून भाषणं करतात. छान आहे. पण १८६३ मध्ये याच शिक्षिकेने आणि जोतीरावांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. फसवल्या गेलेल्या, जायला जागा नसलेल्या विधवांसाठी. काशीबाई नावाच्या अशाच एका बाईला त्यांनी आसरा दिला आणि तिच्या मुलाला, यशवंतला, दत्तक घेतलं. आपल्या पहिल्या शिक्षिकेने वर्गातलं काम आणि बाईचं दुःख यांच्यात कधी भिंत घातली नाही.

येत्या पालक सभेत हजेरी आणि गणवेशाचे विषय संपले की दहा मिनिटं या विषयाला द्या. आई-वडील दोघांनाही बोलवा. सुरुवातीला कोणी बोलणार नाही. तरी द्या. आणि सभेनंतर जी बाई सगळ्यात शेवटी दारात रेंगाळेल, तिच्यासाठी खुर्ची ठेवा.